हीट मारायची की चिप बंद करायची?

सोयगावात लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवणारा माझा भाचा पेचात पडला होता. एका फोटोग्राफरचा जुना लॅपटॉप आलेला. स्क्रीनवर उभे पट्टे, मग अंधार. लग्नसराई तोंडावर, आणि गिऱ्हाइकाचं एकच म्हणणं : पहिल्यासारखा करून दे.

"मामा, यात ग्राफिक्स दोन आहेत. एक प्रोसेसरच्या पोटातच, दुसरी वेगळी चिप. गेलीय ती वेगळी. गरम हवेनं हीट मारली की पट्टे जातील. दोन महिने चालेल, नाहीतर आठवडाच. दुसरा रस्ता म्हणजे ती चिप कायमची बंद करायची आणि पोटातल्या ग्राफिक्सवर चालवायचं. मग काही वर्षं निघतील. पण व्हिडिओ एडिटिंग रखडत होईल. आणि या मॉडेलचं एचडीएमआय त्याच चिपवरून येतं, म्हणजे बाहेरचा मॉनिटरही गेला."

"तापवून बरं कसं होतं?"

त्यानं एका मेलेल्या बोर्डावरची चिप भिंगाखाली धरली. वर आरशासारखा चकचकीत सिलिकॉनचा चौकोन, त्याखाली हिरवा थर. "या दोघांच्या मध्ये सोल्डरचे बारीक ठिपके असतात, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाहीत असे. तापल्यावर सिलिकॉन कमी फुगतं, हिरवा थर जास्त. रोज तापायचं, रोज निवायचं. शेवटी ठिपक्याला तडा जातो. आपल्याकडं मे महिन्यात तर पंखाही गरम हवाच ओढतो. हीट मारली की तडा टेकतो, सांधत नाही. रिबॉलिंग केलं तरी बदलतात ते चिपखालचे सोल्डरचे मोठे गोळे. हा तडा तसाच. २००८ साली एनव्हिडियानं लॅपटॉपच्या चिपांमधल्या अशाच दोषापायी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते. ही चिप त्यातली नाही, पण दुखणं त्याच जातीचं."

"मग हीट मारणं ही फसवणूकच झाली."

"कशी? मी त्याला सगळं सांगितलं तरी? त्याचं वर्ष या दोन महिन्यांवर चालतं. मी नाही म्हटलं तर दुसरीकडं जाईल, तिथं हीट मारून वर गॅरंटीही देतील."

मला अजिंठ्याची लेणी आठवली. लेण्यांजवळचं फर्दापूर आमच्याच तालुक्यातलं, आणि चित्रकला शिकवण्यात माझी उमर गेली. म्हटलं, "१९२० साली निजाम सरकारनं अजिंठ्याला लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना आणलं. भिंतीपासून सुटत चाललेला गिलावा त्यांनी पक्का केला. ते आले नसते तर आणखी किती चित्रं गळून पडली असती! पण त्यांनीच चित्रांवर चपड्या लाखेचं वॉर्निश दिलं. ते पुढं पिवळं पडलं, चित्रं काळवंडली, आणि पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना ते हलक्या हातानं काढत बसावं लागलं."

"म्हणजे गिलावा धरणं ही चिप बंद करणं, आणि वॉर्निश ही हीट?"

"मला तसंच वाटतं."

"पण मामा, अजिंठ्याची भिंत एकच आहे. तिला घाई नाही. ह्याच्या तर तारखा लागल्यात."

हे मला मान्य करावं लागलं. पण एक गोष्ट सुटत नव्हती. "लग्नं आटोपल्यावर तो या लॅपटॉपचं काय करेल?"

"विकेल. एमएस-सीआयटी करणाऱ्या एखाद्या पोराला." तो थांबला. "आणि त्या पोराला कुणी काही सांगणार नाही."

"चेक्कोनींनी जाणूनबुजून चित्रं बिघडवली असं कुणी म्हणणार नाही. तुला मात्र आजच माहीत आहे."

"पावतीवर लिहितो."

"पावती पोराच्या हातात पडेल?"

"स्टिकर लावला तर सोलतील. बोर्डावर लिहिलं तर फक्त पुढचा मेकॅनिक वाचेल." तो बराच वेळ भिंग फिरवत बसला. "पण चिप बंद केलेला विकला, तर घेणाऱ्याला जे दिसेल तेच मिळेल. हळू चालतो, बाहेरचा मॉनिटर लागत नाही. चालू करून बघितलं की कळतं. तिथं माझ्या चिठ्ठीची गरजच नाही."

याहून जास्त मला काही सांगायचं नव्हतं. फक्त विचारलं, "फोटोग्राफरला नेमकं काय लागतं, ते विचारलंस का?"

विचारलं नव्हतं, बोलणं फक्त पैशांचं झालं होतं. अल्बमचं काम पोटातल्या ग्राफिक्सवर निघतं, व्हिडिओचं कटिंग लहान साइजच्या कॉपीवर करता येतं, शेवटचा रेंडर रात्रभर लावून द्यायचा, असं तो स्वतःशीच हिशेब करत बोलला. त्यानं फोन लावला.

"दादा, हीट मारायला मी नाही म्हणत नाही. पण आधी दोन गोष्टी सांगा. व्हिडिओ रात्रभर लावून ठेवला तर चालेल का? आणि सीझननंतर हा विकायचा आहे का?"