देऊळ फिरल्यानंतर

औंढा नागनाथच्या देवळाची गोष्ट आमच्या हिंगोली जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक असते. नामदेव जातीनं शिंपी, म्हणून त्याला कीर्तनातून उठवून देवळामागे पाठवलं. तो तिथं गाऊ लागला, तर देऊळच त्याच्याकडे फिरलं. माझे वडील बौद्ध, चमत्कार मानत नसत, पण ही गोष्ट त्यांना फार आवडायची. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली काढलेल्या मिलिंद महाविद्यालयात ते शिकले. आपल्यासाठी देऊळ फिरलं ते तिथं, असं म्हणायचे.

यंदा माझ्या मुलीचा मेडिकलचा फॉर्म भरताना मी प्रवर्गाच्या रकान्यापाशी थांबलो. मी प्राध्यापक. ती दोन वर्षं लातूरला क्लासला होती.

शेजारी बसणारा माझा मराठा सहकारी निजामाच्या काळातली कुणबी नोंद शोधतोय. त्याच्या भावाचं चार एकर कोरडवाहू सोयाबीन. तो विचारतो, ‘तुझ्या पोरीला सवलत आणि माझ्या पुतण्याला नाही, हे कसं?’ याचं उत्तर माझ्याकडे आहे. आरक्षण ही गरिबी हटवण्याची योजना नव्हे. १९७८ला विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा नांदेड-परभणीकडे दलित वस्त्या जळाल्या (हिंगोली तेव्हा परभणीतच होती). जाळणाऱ्यांनी कुणाचा उत्पन्नाचा दाखला पाहिला नव्हता. मला हिंगोलीत घर भाड्यानं बघताना आडनाव विचारलं गेलं, तेव्हा मी प्राध्यापकच होतो.

हे उत्तर खरं आहे. अडचण अशी, की ते फक्त सहकाऱ्याला पुरतं.

माझ्या वर्गात मातंग वस्तीतला एक मुलगा होता. आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे, हा आजीजवळ राहायचा. त्यानंही यंदा नीट दिली, क्लासशिवाय. अनुसूचित जातींच्या १३ टक्क्यांत तो आणि माझी मुलगी एकाच रांगेत आहेत. ओबीसींना आठ लाखांची क्रीमी लेअरची रेघ आहे, आम्हाला कुठलीच नाही. आडनावाचा अपमान दोघांच्याही वाट्याला आहे, पण लातूर एकीच्याच वाट्याला आलं. सहकाऱ्याला ऐकवलेलं उत्तर मी या पोराला कोणत्या तोंडानं ऐकवू?

१ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठानं सहा विरुद्ध एक मतानं अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करायला परवानगी दिली. चार न्यायमूर्तींनी क्रीमी लेअरचीही भाषा केली. समाजात फूट पाडायचा हा डाव आहे, असं पत्रक आमच्या मंडळींनी काढलं. मीही सही केली. भीती खोटी नाही. पात्र उमेदवार मिळाला नाही म्हणून राखीव जागा रिकामी ठेवायची, ही चाल आम्ही नोकऱ्यांत पुरेशी पाहिली आहे. तरी सही करताना मी समाज वाचवत होतो की पोरीची जागा?

मग वाटलं, रकाना कोराच सोडावा. पण हिशेब करून पाहिला. खुल्या यादीत बसण्याइतके गुण असतील तर राखीव प्रवर्गातली पोरंही खुल्या जागेवरच धरली जातात, म्हणजे तिथं सोडण्यासारखं काही नसतंच. गुण त्याखाली असतील तर तिनं सोडलेली जागा यादीतल्या पुढच्याला जाणार, आणि तो बहुधा दुसऱ्या एखाद्या प्राध्यापकाचा नाहीतर इंजिनिअरचा मुलगा असणार. यादीला कोयता दिसत नाही. माझा त्याग त्या पोरापर्यंत पोचणारच नाही, फक्त मला चारचौघांत मिरवता येईल.

पोचायचं तर नियमच हवा: आधी ज्यांच्या घरातून अजून कुणीच शिकलेलं नाही ते, त्यांच्यातून जागा भरल्या नाहीत तर आमच्यासारखे, आणि १३ टक्क्यांतली एकही जागा बाहेर जाता कामा नये. या नियमात माझी मुलगी मागे जाते. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘पण बाबा, नियम नाहीये ना अजून. यंदा काय भरू?’

‘एससी भर,’ मी म्हणालो.

रात्रभर झोप नीट लागली नाही. सकाळी पत्रक काढणाऱ्या मित्राला फोन केला, म्हटलं, माझी सही काढून टाक. तो क्षणभर गप्प राहिला.

मग म्हणाला, ‘का रे, पोरीचं ॲडमिशन झालं वाटतं?’