पहारेकऱ्यांचा दोष किती?

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, दशम स्कंध, अध्याय ५३

रुक्मिणी अंबिकेच्या दर्शनाला पायी निघाली. भोवती चिलखत घातलेले, शस्त्रं उगारलेले राजाचे सैनिक. त्यांना नावही नाही. (हे देऊळ म्हणजे अमरावतीची अंबादेवी, ही आपली श्रद्धा. राजापेठेतून जवळच.)

'स्टार वॉर्स'च्या १९७७ च्या सिनेमात पांढऱ्या चिलखतातला एक शिपाई दाराला डोकं आपटतो. लोक हसतात, तो कोणाचा हुकूम पाळतोय, हे कोणी विचारत नाही.

रुक्मिणीने मनाने कृष्णाला वरलंय. रुक्मीला मात्र बहीण शिशुपालालाच द्यायची आहे. मग पहारा तिच्या रक्षणाचा की तिला अडवण्याचा? "आम्हाला काय माहीत?" हे सैनिकांचं उत्तर मला अर्धंच पटतं. तिचं पत्र गुप्त होतं, कबूल. पण रुक्मीचा हट्ट काही लपलेला नव्हता. बापसुद्धा त्याच्यापुढे नमला. आता पोटासाठी भाला धरणाऱ्याने कुठवर विचारावं, हेही आहेच म्हणा.

ती देवळातून बाहेर आली, हसून पाहिलं, आणि भल्याभल्या राजांच्या हातची शस्त्रं गळाली. कृष्णाने तिला रथात घेतलं. त्या सैनिकांपैकी एखाद्याने भाला मुद्दामच खाली केला असेल का?

उद्या अध्याय ५४.