तेंदूच्या हंगामातला रविवार

चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या मंडळ्यांतून ज्या शंका ऐकू येतात, त्यांत त्रैक्याचं गूढ क्वचितच असतं. हंगाम, हिशेब, भावकी आणि शेजार यांनीच माणसं जास्त अडलेली असतात. अशा काही शंका या वेळी घेतल्या आहेत.

शंका : तेंदूपत्ता सुरू झाला की आमच्या गावची उपासना ओस पडते. पाळकसाहेब म्हणतात, रविवार पाळलाच पाहिजे. पण वर्षाचा रोख पैसा याच दिवसांत हातात येतो. रविवारी पान तोडणं पाप आहे का?

समाधान : आधी मे महिन्यातलं रान पाहावं. बाया, माणसं, शाळा सुटलेली पोरं अंधारातच निघतात. उन्हं चढायच्या आत पान घरी यावं लागतं. मग ओसरीवर सगळं घर पुडे बांधायला बसतं. 70 पानांचा एक पुडा, अशा 1000 पुड्यांची एक प्रमाण गोणी. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून दिले की दिवस संपतो. पान जून झालं की विडीला चालत नाही, आणि वळवाचा पाऊस कोणाला विचारून येत नाही. रविवारी तोड बंद ठेवली म्हणून सोमवारी दुप्पट पान मिळेल, असंही नाही.

प्रेस्बिटेरियन परंपरा रविवारच्या बाबतीत कडक म्हणून ओळखली जाते. स्कॉटलंडमध्ये त्या दिवशी फिरायला जाणंसुद्धा लोकांच्या डोळ्यांवर येई. पण या परंपरेची शिकवण ज्यात बांधली आहे, त्या 1647 च्या वेस्टमिन्स्टर प्रश्नोत्तरावलीनेच दोन कामांना मोकळीक दिली आहे : गरजेचं काम आणि दयेचं काम. भुकेल्या शिष्यांनी शब्बाथ दिवशी कणसं मोडली, तेव्हा येशूने त्यांचीच बाजू घेतली, हे शुभवर्तमानात आहेच. तेव्हा पान तोडणं हे पाप नव्हे.

मात्र ‘गरज’ ताणावी तेवढी ताणता येते. घरात पुरेसे हात असताना म्हाताऱ्या सासूला पुड्यांपाशी बसवून ठेवायचं आणि उपासनेलाही जाऊ द्यायचं नाही, ही गरज नव्हे, हाव झाली. कुठे गरज संपते हे ठरवायचं कोणी? इथे पाळकसाहेबांचं थोडं चुकतं. प्रेस्बिटेरियन रीतीत मंडळीचा कारभार एकट्या पाळकाच्या हाती नसतो. मंडळीने निवडलेले वडील त्याच्याबरोबर बसून निर्णय घेतात. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या लोकांना तर हे वेगळं शिकवायला नको. त्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात, सगळे पटेपर्यंत बसतात. वडिलांनीही एप्रिलमध्येच तसं बसावं. हंगामापुरती उपासना फळी आटोपल्यावर रात्री आठला ठेवावी. जे रानात जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठी सकाळी कोणाच्या तरी अंगणात प्रार्थना घ्यावी. उपासनेची वेळ काही सीनाय पर्वतावरून उतरलेली नाही.

शंका : आजोबा चंद्रपूरच्या मिशनला ‘स्कॉच मिशन’ म्हणत. म्हणजे आम्ही मुळात प्रेस्बिटेरियन का?

समाधान : नावावरून तसं वाटतं खरं. पण स्कॉटलंडहून दोन वेगळ्या चर्चांची माणसं विदर्भात आली. नागपूरला 1845 मध्ये आलेले स्टीफन हिस्लॉप फ्री चर्चचे, म्हणजे प्रेस्बिटेरियन. चांद्याचं, म्हणजे आजच्या चंद्रपूरचं, मिशन मात्र स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचं, बिशप मानणारं. चांद्याला मिशनरी असलेले अ‍ॅलेक्स वुड पुढे 1926 मध्ये नागपूरचे बिशपच झाले. नागपूरकडचे प्रेस्बिटेरियन 1924 मध्ये काँग्रिगेशनल मंडळ्यांबरोबर युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेले. मग 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, आणि वुड यांचे लोक व हिस्लॉप यांचे लोक एका छताखाली आले. बिशप एकांकडून राहिला, पाळकाला ‘प्रेसबिटर’ हे नाव आणि निवडून आलेली कमिटी दुसऱ्यांच्या ओळखीची. तेव्हा आजोबा बरोबर होते आणि शंका विचारणाराही अगदीच चुकलेला नाही.

शंका : चुलतभावाशी धुऱ्यावरून कोर्टात वाद चालू आहे. तोही याच मंडळीत. वडिलांनी आम्हा दोघांनाही प्रभुभोजनापासून थांबायला सांगितलं. हा अधिकार त्यांना आहे का?

समाधान : जुन्या स्कॉटलंडमध्ये प्रभुभोजनाच्या आधी वडील घरोघर जात, विचारपूस करत आणि पात्र माणसाला शिशाचा छोटा बिल्ला देत. बिल्ला नसेल तर मेजापाशी जागा नाही. भांडणं मिटावीत हा हेतू चांगला होता, पण ज्याच्या हाती बिल्ले त्याच्या हाती गाव, असंही होऊ शकत होतं. पुढे ही रीत मागे पडली.

पौलाने करिंथकरांना प्रत्येकाने स्वतःची परीक्षा करावी असं लिहिलं, दुसऱ्याची नव्हे. आणि ज्या प्रकारावर तो चिडला तो असा, की खात्यापित्या घरचे आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. भावांनी एकमेकांना कोर्टात खेचावं हेही त्याला रुचत नव्हतं, ते मात्र इथे सोयीस्करपणे विसरता येणार नाही.

वडील समजावू शकतात, थांबा असा सल्ला देऊ शकतात. पण दोघांपैकी एकाचंही न ऐकता दोघांना सारखंच बाजूला बसवणं हा न्याय नव्हे, ती टाळाटाळ आहे. कमिटीपुढे म्हणणं मांडायची संधी मागावी. त्याहून सोपी वाट म्हणजे दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज करावा आणि मोजणीच्या दिवशी दोन वडिलांना शेतावर उभं करावं. धुऱ्याचा दगड बांधावर ठरतो, वेदीपाशी नाही. डोंगरावरच्या प्रवचनात अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलं आहे, पण समेट करून परत येऊन अर्पण करायलाही त्याच वाक्यात सांगितलं आहे. वडिलांनी हा दुसरा भागही वाचावा.

शंका : आमच्याकडे वर्षअखेरीला दानाची यादी नावानिशी वाचतात. आमचं दहा-वीस रुपयांचं नाव आलं की मागे कुजबुज होते. हे योग्य आहे का?

समाधान : हिशेब वाचलाच पाहिजे, नावं वाचायची गरज नाही. पावत्या खजिनदाराने आणि तपासनिसाने पाहिल्या की पुरे.

फ्री चर्चचा जन्मच या संदर्भात आठवावा. जमीनदाराने मंडळीच्या मर्जीविरुद्ध पाळक लादायचा, याला विरोध म्हणून 1843 मध्ये स्कॉटलंडच्या 474 पाळकांनी पगार आणि राहतं घर सोडलं. त्यांच्या पोटासाठी टॉमस चामर्स यांनी एक सामायिक निधी उभारला. श्रीमंत आणि गरीब मंडळ्या त्यात जमेल तसं टाकत, आणि वाटा पाळकांना सारखा मिळे. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बाया स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. त्यावर तिथली कितीतरी कामं चालतात. गडचिरोली तर धानाचाच मुलूख. एका मोठ्या कणगीत सगळ्यांची मूठ पडली, तर कोणाची केवढी हे कुजबुजणाऱ्यांना कळणार कसं?

शंका : शेजारचं गोंड कुटुंब पंडुमला, म्हणजे त्यांच्या सणाला, जेवायला बोलावतं. ख्रिस्ती माणसाने जावं का? तिथे मोहाची दारूही असते.

समाधान : जावं. पुढे वाढलेलं चौकशा न करता खावं, असं पौलच सांगतो. हे नैवेद्याचं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून तेवढं नम्रपणे बाजूला ठेवावं. दारूला नको म्हणता येतं, त्यासाठी घर टाळायला नको. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, तेव्हा नकाराला कायद्याचाही आधार मिळेल. चंद्रपूरची 2015 ची बंदी 2021 मध्ये उठली. तिथे नकार स्वतःच्या हिमतीवर द्यावा लागेल.

गोंडांच्या घरी जाण्यात विटाळ वाटत असेल, तर हिस्लॉप यांच्याकडे पाहावं. गोंडांची लिंगोची गाथा त्यांनी ऐकून टिपून ठेवली. 1863 मध्ये पूर आलेल्या ओढ्यात ते बुडाले, आणि त्यांची टिपणं 1866 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी छापली. शेजाऱ्यांना नाताळच्या फराळाला आजवर किती वेळा बोलावलं, ही शंका मात्र कोणी विचारलेली नाही. तिचं उत्तर घरच्या बाईला बहुधा पाठ असेल.