मावशीची पाटी

मे महिन्यात पुणे-सातारा रस्त्याच्या कडेला, आमच्या शिवरे गावाच्या आसपास आणि पुढे कापूरहोळपर्यंत, डोंगरातल्या बायका करवंदं घेऊन बसतात. उजाडायच्या आत जाळीत शिरायचं, काट्यांतून एकेक फळ तोडायचं, चिकाने बोटं काळी करून घ्यायची आणि ऊन तापायच्या आत पाटी घेऊन रस्ता गाठायचा. गाडी थांबते, काच अर्धी खाली येते.

“मावशी, वाटा कसा दिला?”

“वीस रुपये.”

“दहाला दे. दोन घेतो.”

मावशी थोडं पुटपुटते आणि देते. करवंद फार टिकत नाही. संध्याकाळी उरलेली पाटी डोक्यावर घेऊन परत डोंगर चढण्यापेक्षा दहा तर दहा. काच वर जाते आणि गाडी महाबळेश्वरकडे निघून जाते. लहानपणापासून हे बघत आलोय. त्या काचेच्या आतल्या माणसांचा मला रागच यायचा.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टात लेहला गेलो. आमच्या भागातून आता दरवर्षी कुणी ना कुणी हिमालयात जातं. पूर्वी काशी-रामेश्वर होतं, तसं आता शिमला-मनाली आणि लेह-लडाख झालंय. लेहचा मेन बाजार चालत फिरायचा. वर खडकावर लडाखच्या सेंगे नामग्याल राजाच्या काळातला नऊ मजली राजवाडा, त्याच्या पायथ्याशी मातीच्या विटांची जुनी घरं, बाजाराच्या एका टोकाला सतराव्या शतकातली जामा मशीद. पदपथावर ओळीने लडाखी बायका बसलेल्या. समोर कोबी, मुळा, पालक, गाजरं आणि पिवळेधमक जर्दाळू. आजूबाजूच्या गावांतून सकाळी येतात आणि माल संपेपर्यंत बसतात.

एका आजीपुढे वाकलो. तिने मापाचे शंभर सांगितले. मी म्हणालो, “साठ.” अगदी सहज, सवयीने. तिने माझ्याकडे पाहिलं, काही बोलली नाही, माप भरायला लागली. तिचा हात जर्दाळवांत गेला तेव्हा बोटं दिसली. चिरा पडलेली, मातीने काळी. ती बोटं मी ओळखत होतो. शंभर दिले. पण साठ हा आकडा माझ्या तोंडून निघून गेला होता.

तेव्हापासून घासाघीस या गोष्टीवर मी विचार करतोय. ती मुळात वाईट आहे असं मला वाटत नाही. आपल्याकडे बैलबाजारात व्यापारी अजूनही रुमालाखाली हात धरून बोटांनी भाव ठरवतात. मध्य आशियातल्या गुरांच्या बाजारात हेच लांब बाहीच्या आत चालायचं. लेह तर तशाच व्यापाराचं नाकं होतं. काराकोरम खिंड ओलांडून यारकंदहून काफिले यायचे, चांगथांगच्या पठारावरून पश्म, म्हणजे तिथल्या बकरीची मऊ लोकर, यायची, काश्मीर आणि पंजाबचे व्यापारी खाली वाट बघत असायचे. खिंडी बंद झाल्या की माणूस महिनोन्‌महिने तिथेच अडकायचा. अशा बाजारात भावावरून तास तास बोलणं व्हायचं. पण त्या बोलण्यात दोन गोष्टी होत्या. दोघांनाही मालाची पारख होती आणि दोघांनाही सौदा सोडून उठून जाता येत होतं. पटलं नाही तर बैल परत घरी, पश्म परत गोणीत.

करवंदाच्या पाटीशी किंवा जर्दाळवाच्या मापाशी यातलं काहीच नसतं. एका जर्दाळवामागे किती पाणी, किती कष्ट हे मला ठाऊक नाही. आणि ती आजी उठून जाऊ शकत नाही. फळ पिकलंय, हंगाम तीन-चार महिन्यांचा आहे, नंतर थंडी आणि रिकामा बाजार. मी मात्र कधीही उठू शकतो, माझ्यामागे विमानाचं परतीचं तिकीट आहे. ज्याला उठता येत नाही त्याच्याशी केलेली घासाघीस ही घासाघीस नव्हेच. ती अडवणूक आहे. शब्द कडक आहे, पण मला दुसरा सापडत नाही.

“ते पण फसवतातच की,” असं लगेच कुणीतरी म्हणतं. खरं आहे, फसवतात. पण कोण, ते नीट बघावं. गाडीवाला शालींच्या ज्या मोठ्या दुकानापुढे गाडी उभी करतो, तिथे पुष्कळदा त्याचं कमिशन ठरलेलं असतं आणि ते शालीच्या किमतीत आधीच घातलेलं असतं. पंधरा हजारांची शाल चार हजारांना मिळाली म्हणून आपण हरखतो. खरी पश्मिना कशी होते ते पाहिलं तर त्या चार हजारांचा संशय यावा. चांगथांगची बकरी वसंतात विंचरून वर्षाला कशीबशी पाव किलोच्या आत कच्ची लोकर देते. त्यातले राठ केस काढले की आणखी कमी उरते. मग काश्मिरात बायका ती चरख्यावर हाताने कातणार, हातमागावर कुणीतरी विणणार. काश्मीर पश्मिनाला 2008 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांच्या कामासाठी. आपण भाव पाडत गेलो की दुकानदार तोट्यात जात नाही. तो यंत्रावर काढलेला भेसळीचा माल पुढे करतो आणि कातणाऱ्या बाईचा चरखा बंद पडतो. मोठ्या दुकानात भाव जरूर करावा, चौकशी करावी, चार दुकानं हिंडावीत. तिथे दोघांनाही उठता येतं.

याच काश्मिरात, श्रीनगरच्या जुन्या बाजारांत आपली मराठी माणसं आहेत, हे किती जणांना माहीत असतं? सांगली-साताऱ्याकडचे, विटा-खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले, सोनं-चांदी गाळणारे कारागीर, पिढ्यान्‌पिढ्या देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन राहिले. काश्मीरही त्यांनी सोडलं नाही. तिथे ते गणपती बसवतात. त्यांचा सगळा धंदा वजनावर आणि शब्दावर चालतो. परक्या गावच्या बाजारात कसं राहावं हे ही माणसं तिथे राहून शिकली आहेत. आपण चार दिवसांसाठी जातो आणि शेवटच्या दोन तासांत “शॉपिंग” उरकतो.

मला या सगळ्यात शिवाजी महाराजांचं एक पत्र आठवतं. चिपळूणजवळ दळवटण्याच्या छावणीत घोडदळ होतं, तिथल्या जुमलेदारांना आणि कारकुनांना ते लिहिलंय. पावसाळ्यासाठी साठवलेलं दाणा-गवत आताच उधळलंत तर पुढे घोडी मरतील, मग तुम्ही गावात शिराल, कुणाचा दाणा, कुणाची भाकरी, कुणाचं गवत, फाटी, भाजी उचलाल, आणि लोकांना तुम्ही मोगलांहून वाईट वाटाल, असं महाराज बजावतात. पैसा तुम्हाला दिला आहे, लागेल ते बाजारात विकत घ्या, असा स्पष्ट हुकूम आहे. दिव्याची पेटती वात उंदीर गवतात नेईल, इतक्या बारकाईने काळजी केलेली आहे. लहान गावात एकदम मोठ्या संख्येने माणसं उतरली की गावाचं काय होतं, याची ही जाण आहे. ज्या राजाची पहिली राजधानी, राजगड, आमच्या पश्चिमेला वेल्ह्यात उभी आहे, त्याचं हे पत्र आमच्या भागातून हिमालयात निघालेल्या प्रत्येकाने जाण्याआधी एकदा वाचावं.

कारण छावण्या आजही पडतात, फक्त घोड्यांऐवजी गाड्या असतात. मे 2018 मध्ये शिमल्यात नळाला पाणी राहिलं नाही, तेव्हा तिथल्या रहिवाशांनीच पर्यटकांना “कृपा करून सध्या येऊ नका” अशी विनंती केली होती. लेहला वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. आमच्या वेल्ह्याच्या डोंगरात जुलैतल्या एखाद्या दिवशी तेवढा पडून जातो. लेहची जुनी घरं कोरड्या संडासावर चालायची, पाणी लागायचं नाही आणि सोनखत शेतात जायचं. आपल्यासाठी बांधलेल्या हॉटेलांनी बोअर मारली. आमच्याकडेही शनिवार-रविवारी राजगडावर, बनेश्वरच्या देवळात गर्दी होते आणि सोमवारी गावकरी बाटल्या वेचतात. म्हणजे यजमान कसा दुखावतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पाहुणे झालो की मात्र आम्ही ते विसरतो.

मी अजूनही भाव करतो. गाडीचा करतो, हॉटेलचा करतो, गालिच्याच्या दुकानात तर मन लावून करतो. जमिनीवर बसलेल्या माणसाशी करत नाही.

यंदा लेहला जाणार असाल तर एका सकाळी जरा लवकर मेन बाजारात जा. लडाखीत नमस्कार करा, “जुले” म्हणा. जे सांगतील तेवढे पैसे देऊन एक माप जर्दाळू घ्या आणि त्या आजीशेजारी पायरीवर बसून खा. आणि त्याआधी, याच मे महिन्यात आमच्या रस्त्याने जाताना गाडी थांबवाल तेव्हा काच पूर्ण खाली करा, उतरा आणि मावशीला वीसचे वीस द्या.