जॅकवर किती विश्वास ठेवावा?

खंडेनवमीला मालवण, कुडाळ, कणकवलीच्या गॅरेजांत पान्हे, हातोडे, कॉम्प्रेसर धुऊन-पुसून मांडले जातात. त्यांत जॅकही असतो. त्याला हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो, पुढ्यात नारळ फुटतो. दसरा सरला की त्याच जॅकने गाडी उचलून कोणीतरी तिच्याखाली सरपटत शिरतो. ज्या हत्याराची पूजा केली त्याच्यावर जीवही सोपवावा का? हा प्रश्न आता गॅरेजपुरता राहिलेला नाही. ट्रॉली जॅक घरपोच मिळतो आणि गाडी अंगणातच उभी असते.

ज्या नियमावर हा जॅक चालतो तो मांडणारा ब्लेझ पास्कल श्रद्धेच्या प्रश्नाने झपाटलेला होता. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो. म्हणून एका दट्ट्याचे क्षेत्रफळ दुसऱ्याच्या शंभरपट असेल, तर लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्यावरच्या शंभरांची बरोबरी करतो, असे त्याने दाखवले. तो १६६२ मध्ये वारला आणि त्याचा हा प्रबंध १६६३ मध्ये छापून आला. पुढच्याच वर्षी, २५ नोव्हेंबर १६६४ रोजी, मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी पूजा झाली, आणि किल्ल्याच्या पायात शिसे ओतले गेले. शिसे ओतले म्हणून पूजेला उणेपणा आला असे कोणाला वाटले नाही. पूजा झाली म्हणून शिसेही कोणी वाचवले नाही.

जॅक निवडताना हीच दृष्टी हवी. लहान हॅचबॅकचे रिकामे वजन साधारण ८०० ते १००० किलो असते. तिला दोन टनी जॅक पुरतो. एसयूव्हीला तीन टनी बरा. वजनापेक्षा जास्त चुकते ते उंचीत. टायर बसलेला असताना जॅक खाली सरकेल का, आणि पुरा उचलल्यावर चाक जमिनीपासून सुटेल का, हे दोन्ही आकडे घेण्यापूर्वी पाहावेत. जॅक कुठे टेकवायचा ती जागा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेली असते. इतरत्र टेकवला तर पत्रा दबतो.

कोकणातल्या अंगणाची मात्र वेगळी अडचण आहे. ट्रॉली जॅकचा दांडा वर जाताना कमानीत फिरतो, त्यामुळे जॅकला आपल्या चाकांवर थोडे सरकावे लागते. मातीत, वाळूत, पावसाने भिजलेल्या जमिनीत चाके रुततात, सरकणे थांबते आणि गाडी तिरकी ओढली जाते. खाली सपाट काँक्रीट हवे, नाहीतर निदान जाड पोलादी पत्रा. त्यात खारी हवा. दट्ट्याला गंज चढला की खरबरीत झालेला भाग ऑईल सीलला कापत जातो, तेल पाझरते आणि उचललेली गाडी इंचाइंचाने खाली येते. कधीकधी एकदमच. जॅक नेहमी दट्ट्या आत घेऊन, पुसून, कोरड्या जागी ठेवावा. ही देखभाल कोणाला पूजेचाच भाग वाटली तर त्यात वावगे काही नाही.

आणि चिरा! घर बांधून उरलेले जांभ्याचे चिरे प्रत्येक परड्यात असतात, आणि गाडीला टेकू म्हणून हात आपसूक तिकडेच वळतो. चिरा भिंतीत पसरलेला भार शतकभर पेलतो, पण एका टोकावर वजन आले की न सांगता फुटतो. त्याला गाडीखाली कधीही लावू नये. जॅकचे काम उचलण्याचे. धरून ठेवायला खटका किंवा पिन असलेले लोखंडी स्टँडच हवेत.

‘इतकी वर्षे काही झाले नाही, देव आहे’ असे म्हणणाऱ्याने आचऱ्याची गावपळण आठवावी. रामेश्वराचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. कौल देवाचा असतो, पण राहुट्या गावकरीच उभारतात, धान्य आणि गुरे-कोंबड्याही तेच बरोबर नेतात. समर्थ रामदासांनीही दासबोधात हरिकथेला पहिला मान देऊन त्याच ओघात सावधपण सांगितले आहे.

पास्कलची पैज प्रसिद्ध आहे. देव आहे की नाही हे बुद्धीने ठरत नसेल तर ‘आहे’ या बाजूला उभे राहावे, कारण गमावायचे थोडे आणि मिळायचे अनंत. गाडीखालची पैज याच्या नेमकी उलट आहे: वाचतात दहा मिनिटे आणि स्टँडचे पैसे, जाऊ शकते सगळेच. शिवाय पास्कलचा माणूस स्वतःचे आयुष्य पणाला लावत होता. अंगणात पुष्कळदा गाडीचा मालक बाहेर उभा असतो आणि ‘आत जाऊन जरा बघ रे’ म्हणून शेजारचा पोरगा किंवा गॅरेजमधला शिकाऊ मुलगा खाली पाठवला जातो. दुसऱ्याचा जीव पणाला लावून दाखवलेल्या विश्वासाला श्रद्धा म्हणता येत नाही. कोणताही धर्म ती परवानगी देत नाही.

म्हणून त्या मुलाला पाठवण्यापूर्वी हँडब्रेक ओढावा, जमिनीवरच्या चाकांना अडण लावावी, दोन्ही बाजूंना स्टँड देऊन गाडी त्यांवर उतरवावी आणि मालकाने स्वतः दोन्ही हातांनी ती हलवून पाहावी. ती जराही डुलली, तर जॅकने पुन्हा उचलून स्टँड नीट बसवावेत.