उतारा आणि नक्कल

माझे वडील सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे खेपा घालायचे, तेव्हा घरात दोन शब्द सतत कानावर पडत: उतारा आणि नक्कल. उतारा म्हणजे सरकारी वहीतून तुमच्यापुरतं उतरवून दिलेलं. नक्कल म्हणजे मूळ कागद जसाच्या तसा. ‘कोणतं लागणार ते आधी विचारावं, नाहीतर एसटीचं भाडं फुकट,’ असं ते म्हणत. न्यू जर्सीत पंधरा वर्षं काढल्यावर हा धडा मला पुन्हा गिरवावा लागला, आणि तो इन्कम टॅक्सच्या जुन्या रिटर्नवरून.

२०२५ साली माझ्या नागरिकत्वाच्या मुलाखतीची तयारी चालली होती. गेल्या पाच वर्षांच्या टॅक्सचे कागद बरोबर असू द्या, असा सगळ्यांचाच सल्ला. आमच्या घरी हे खातं नवऱ्याचं. ‘लॅपटॉपवर आहे सगळं,’ तो म्हणाला. लॅपटॉप दोन वर्षांपूर्वी गेलेला. ज्या टॅक्सवाल्याकडून आम्ही वर्षानुवर्षं रिटर्न भरून घेतले, त्याच्या जागी आता मिठाईचं दुकान होतं आणि त्याचा फोन लागत नव्हता. दर एप्रिलला हौसेने कागद आवरणाऱ्या माझ्या नवऱ्याचा चेहरा बघवेना.

आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करविभागाकडे, चौकशी केल्यावर कळलं की इथेही उतारा वेगळा आणि नक्कल वेगळी. उताऱ्याला ट्रान्स्क्रिप्ट म्हणतात आणि तो फुकट मिळतो. ऑनलाइन हवा तर आधी ओळख पटवायची: आयडी डॉट मी नावाच्या सेवेला ओळखपत्राचा फोटो द्यायचा, स्वतःचा सेल्फी द्यायचा. ते जमत नसेल तर पोस्टाने पाच ते दहा दिवसांत येतो, पण जातो त्यांच्या दफ्तरी असलेल्या पत्त्यावर. घर बदलून पत्ता कळवला नसेल, तर तुमची मिळकत नव्या भाडेकरूच्या पेटीत पडायची. रिटर्नचा उतारा चालू आणि मागच्या तीन वर्षांचाच मिळतो. आम्हाला लागणाऱ्या पाचव्या वर्षासाठी खात्याचा उतारा (अकाउंट ट्रान्स्क्रिप्ट) काढावा लागला, तो बराच मागे जातो. राज्याचा टॅक्स यात येत नाही. त्यासाठी न्यू जर्सीच्या राजधानीचं, ट्रेंटनचं, दार वेगळं ठोठावायचं.

उतारे हाती आले तेव्हा मी नाव शोधू लागले. चोरांच्या भीतीने २०१८पासून आयआरएस उताऱ्यावर पूर्ण नाव छापत नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, आणि आडनावाची रोमन लिपीतली पहिली चार अक्षरं. आमचं आडनाव देशपांडे. नागरिकत्व बदलायला निघालेल्या बाईच्या कागदावर ‘देश’ एवढंच उरलं होतं. (शेजारच्या जोशींच्या कागदावर जोश शिल्लक असणार.)

मुलाखतीपुरतं काम झालं होतं. पण ते कागद चाळताना मला काहीतरी हुकल्यासारखं वाटत राहिलं. उताऱ्यात आकडेच आकडे. सही नाही, सहीशेजारचा व्यवसायाचा रकाना नाही.

मी आले २०१० साली, जोडीदाराच्या नोकरीवर मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर, पुण्यातल्या एका कॉलेजात सहा वर्षं रसायनशास्त्र शिकवून. नोकरीची परवानगी नव्हती, म्हणून सोशल सिक्युरिटी क्रमांकही नव्हता. नवऱ्याबरोबर संयुक्त रिटर्न भरायला मला ९ने सुरू होणारा एक क्रमांक घ्यावा लागला, आणि त्याचा अर्ज जोडायचा म्हणून ते पहिलं रिटर्न कागदावर गेलं. ‘अगं, इथे सही कर,’ नवरा म्हणाला. मी केली. शेजारी ‘होममेकर’ लिहिलेलं होतं, एवढं आठवतं. आमच्यासारख्या बायकांना कामाची परवानगी मागता येऊ लागली ती मे २०१५मध्ये, तीही सगळ्यांना नाही.

संयुक्त रिटर्नवर सही केली की त्यातल्या प्रत्येक आकड्याची जबाबदारी दोघांवरही पूर्ण येते. चुकलं तर सरकार दोघांपैकी कोणाकडूनही सगळी रक्कम वसूल करू शकतं. हे माहीत असलेल्या बायका आमच्या भिशीत दोनच निघाल्या. एक वकील होती, दुसरीचा घटस्फोट झाला होता.

म्हणून मी नक्कल मागवायची ठरवली. फॉर्म ४५०६, दर वर्षामागे ३० डॉलर, ७५ दिवसांपर्यंत वाट. संयुक्त रिटर्नची नक्कल मागायला दोघांपैकी एकाची सही पुरते. या वेळी ती मी केली, फॉर्म वाचून. दोन वर्षं मागितली: २०१०, पहिल्या सहीचं, आणि २०१८, मी प्रयोगशाळेत नोकरीला लागले ते. नवरा म्हणाला, ‘२०१०चं मिळायचं नाही.’ त्याचं बरोबर होतं. रिटर्न साधारण सात वर्षं ठेवतात, मग कायद्यानेच नष्ट करतात. पेशव्यांच्या दफ्तरातले रुमाल पुण्यात अजून बांधून ठेवलेत, रियासतकार सरदेसायांनी त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले. माझी सही चौदा-पंधरा वर्षंही टिकू नये, याचा मला उगाच राग आला. पण कोट्यवधी घरांची मिळकत सरकारने कायम जपून ठेवावी असंही मला वाटत नाही. जपायचं ते ज्याचं त्याने.

अडीच महिन्यांनी २०१८ची नक्कल आली. सगळं जसंच्या तसं: माझ्या पगाराचा डब्ल्यू-२, आमची मुलगी, घराच्या कर्जाचं व्याज. मी थेट सहीच्या जागेकडे गेले. वर्षभर सकाळी सातला घर सोडून मी प्रयोगशाळेत उभी होते, आणि माझ्या नावासमोर होतं: होममेकर. टॅक्सवाल्याच्या सॉफ्टवेअरने मागच्या वर्षीचा शब्द उचलून पुढे ठेवला असणार. त्याच्या दुकानात संमतीचा कागद पुढे सरकवला गेला होता आणि मी न वाचता सही केली होती. नवऱ्यानेही वाचलं नव्हतं.

२०१०चं रिटर्न सापडलं नाही. त्याचे ३० डॉलर आयआरएसने परत पाठवले. चेक दोघांच्या नावाने नव्हता, माझ्या एकटीच्या नावाने होता.