प्रीतीची आज्ञा

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या विवाहाला आम्ही गेलों होतों. विवाह पुण्यांतील एका चर्चमध्यें ख्रिस्ती पद्धतीनें झाला. त्या विधींतील एका गोष्टीनें आमचें लक्ष विशेष वेधून घेतलें. वधूवरांचें एकमेकांवर प्रेम आहे काय, असें पाळकांनीं त्यांना विचारलेंच नाहीं. आजारांत आणि आरोग्यांत प्रेम कराल काय, असें विचारलें. प्रश्न वर्तमानकाळीं नव्हता, भविष्यकाळीं होता. शेजारीं आमचे एक स्नेही बसले होते. ते मानसशास्त्राचे अध्यापक आहेत. ते हळूच म्हणाले, "प्रेम ही भावना. पुढच्या वर्षीं मनांत कोणती भावना असेल याचें वचन आज कसें देतां येईल? पुढच्या आषाढांत मला भूक लागेल, असें वचन देण्यासारखेंच हें!" आम्हीही हंसलों. परंतु घरीं परत आल्यावर तो प्रश्न आमच्या मनांतून जाईना. इंग्लंडच्या चर्चच्या १५४९ सालच्या प्रार्थनापुस्तकांतही हा प्रश्न याच रूपांत आहे. स्नेह्यांचें म्हणणें खरें असेल, तर तेव्हांपासून त्या प्रश्नाला होकार देत आलेलीं सर्व जोडपीं भाबडीं ठरतात. तीं तशीं नसतील, तर प्रेम या एकाच शब्दानें आपण दोन निराळ्या गोष्टी बोलत आहों. आम्हांस हा दुसरा पक्ष खरा वाटतो. आम्ही ख्रिस्ती नाहीं. तेव्हां पुढील विवेचन बाहेरून पाहणाऱ्याचें आहे, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

प्रथम शब्दांकडे पाहूं. ग्रीक भाषेंत प्रेमाला एकच शब्द नाहीं. सुंदर किंवा श्रेष्ठ वस्तूची ओढ ती 'एरॉस'. मित्रामित्रांतील स्नेह ती 'फिलिया'. आणि आणखी एक शब्द 'अगापे'. नव्या करारांत 'एरॉस' हें नाम एकदांही आलेलें नाहीं. तेथें मान आहे तो 'अगापे'ला. लॅटिनमध्यें त्याचें 'कारितास' झालें व त्यावरून इंग्रजींत 'चॅरिटी' आली. १५२६ सालच्या आपल्या इंग्रजी भाषांतरांत टिंडेलनें 'लव्ह' हा शब्द योजला, तेव्हां टॉमस मोरनें त्याला दोष दिला. धर्मग्रंथांतील थोर सद्गुणाला हें नांव त्याला फार संसारी वाटलें. करिंथकरांस लिहिलेल्या पौलाच्या पहिल्या पत्रांत प्रेमावरचा जो प्रसिद्ध अध्याय आहे, त्यांत १६११ च्या भाषांतरानें 'चॅरिटी' ठेवली आणि १८८१ च्या सुधारलेल्या आवृत्तीनें पुन्हां 'लव्ह' आणलें. मधल्या काळांत 'चॅरिटी'चा अर्थ दानधर्मापुरता आकुंचित झाला होता. मराठी बायबलांत 'प्रीति' हा शब्द आहे. परंतु आमच्या कवींनीं व कादंबरीकारांनींही तोच शब्द उचलला आणि त्यांत चांदणें, विरह आणि हुरहूर भरली. यामुळें मराठी वाचक जेव्हां पौलाचें पत्र उघडतो, तेव्हां पहिल्याच शब्दाशीं त्याची फसगत होण्याचा संभव असतो.

या दुसऱ्या, आधुनिक प्रीतीचा इतिहास मनोरंजक आहे. सी. एस. ल्यूइस यांनीं १९३६ सालीं आणि देनी द रूजमों यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिचा उगम बाराव्या शतकांतील दक्षिण फ्रान्सच्या दरबारी कवींपर्यंत नेला आहे. पुढें कादंबरीनें व अलीकडे चित्रपटानें ती घरोघर पोंचविली. तिचीं लक्षणें आपणां सर्वांस पाठ आहेत. ती आपण करीत नाहीं, ती आपल्याला होते. मराठींत प्रेम 'जडतें', आणि जडतो तो रोगही! ती एका विशिष्ट व्यक्तीवरच होते. ती खरी कीं खोटी हें तिच्या उत्कटतेवरून ठरतें. आणि उत्कटता ओसरली कीं ती संपली असें प्रामाणिकपणें कबूल करणें, हाच तिचा धर्म समजला जातो.

या कल्पनेची टवाळी करणें सोपें आहे. आम्ही ती करणार नाहीं. ज्या समाजांत घराणें, पत्रिका आणि देणेंघेणें पाहून मुलीचें दान होत असे, त्या समाजांत 'मला काय वाटतें' हा प्रश्न मुलीला प्रथम विचारावयास लावला तो याच कल्पनेनें. आपल्यावर कोणीं तरी आपण आहों म्हणून प्रेम करावें, केवळ आपण कोणाची तरी सून किंवा पत्नी आहों म्हणून नव्हे, ही मागणी न्याय्य आहे.

आतां ख्रिस्ती कल्पना पाहूं. तिच्यांतील आश्चर्य असें कीं, तेथें प्रेम ही आज्ञा आहे. शेजाऱ्यावर प्रेम करावें, असें सांगितलें आहे. तो आवडला तर करावें, असें नाहीं. कांट यांनीं १७८५ सालीं ही अडचण ओळखली. आवड म्हणून जें प्रेम असतें त्याची आज्ञा करतां येत नाहीं; तेव्हां ही आज्ञा कृतींतल्या, इच्छाशक्तींतल्या प्रेमाचीच असली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. कीर्केगार्द यांनीं १८४७ सालीं त्याच्याही पुढें जाऊन म्हटलें कीं, प्रेम जेव्हां कर्तव्य बनतें तेव्हांच तें बदलाच्या भयापासून मुक्त होतें. आमच्या स्नेह्यांच्या विनोदाला हें एक उत्तर आहे. परंतु तें अपुरें आहे. कारण त्यांत हृदय कोठें गेलें, हा प्रश्न उरतोच.

पूर्ण उत्तर आम्हांस लूकच्या शुभवर्तमानांतील शोमरोनी माणसाच्या दृष्टान्तांत सांपडतें. एका शास्त्र्यानें येशूला विचारलें कीं, माझा शेजारी कोण? म्हणजे, प्रेम कोणावर करावयाचें आणि सीमा कोठें आंखावयाची? येशूनें व्याख्या सांगितली नाहीं, गोष्ट सांगितली. चोरांनीं लुटून अर्धमेला टाकलेला एक वाटसरू. त्याला टाळून गेलेले याजक आणि लेवी. आणि थांबला तो शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परके व भ्रष्ट मानीत त्यांच्यांतला. गोष्ट संपल्यावर येशूनें प्रश्न उलटा करून परत दिला : या तिघांपैकीं त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शास्त्र्याचा प्रश्न प्रेमाच्या विषयासंबंधीं होता. परत आलेला प्रश्न प्रेम करणाऱ्यासंबंधीं आहे. आमच्या मतें दोन कल्पनांतील खरा भेद येथें आहे. आधुनिक मनुष्य प्रेम करण्यास योग्य असें माणूस शोधीत फिरतो. या गोष्टींत माणूस आधींच वाटेवर पडलेला आहे आणि प्रश्न एवढाच उरतो कीं, आपण थांबतों कीं नाहीं.

शिवाय त्या गोष्टींत दोन बारकावे आहेत. पहिला असा कीं, जखमी माणसाला पाहून शोमरोन्याला कळवळा आला, असें तेथें स्पष्ट म्हटलें आहे. तेव्हां हें प्रेम भावनाशून्य नव्हे; भावनेवर अवलंबून मात्र नाहीं. दुसरा असा कीं, त्यानें जखमांना तेल व द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेंत नेलें, दुसऱ्या दिवशीं दोन नाणीं दिलीं, जास्त खर्च झाल्यास परतीच्या वेळीं देईन असें सांगितलें, आणि तो आपल्या वाटेनें गेला. बऱ्या झालेल्या माणसानें आपलें व्हावें, अशी अट त्यानें घातली नाहीं.

यावर आक्षेप आहेत. फ्रॉइड यांनीं १९३० सालीं रोखठोक लिहिलें कीं, आपलें प्रेम ही मोलाची वस्तु आहे. ती परक्यावर उधळली तर आपल्या माणसांवर अन्याय होतो. याहून तीव्र आक्षेप प्रेम घेणाऱ्याच्या बाजूचा आहे, आणि तो आम्हीं पुस्तकांत वाचला नाहीं, घरांत ऐकला.

तरुणपणींच वैधव्य आलेल्या आमच्या एक आत्याबाई अर्धांगवायु झाल्यानंतर सहा वर्षें आमच्याकडे होत्या. स्वभाव कडवट, जिभेला धार. त्यांचें सर्व करणें आमच्या पत्नीकडे आलें आणि तिनें तें चोख केलें. एके दिवशीं भात भरवून घेतां घेतां आत्याबाई म्हणाल्या, "अग, हें सगळें करतेस तें लोक नांवें ठेवतील म्हणूनच ना?" पत्नीनें उत्तर दिलें नाहीं. त्या रात्रीं ती आम्हांला म्हणाली, "त्यांचें खोटें नाहीं." कांहीं दिवसांनीं ती वही घेऊन त्यांच्या खाटेपाशीं बसली. आत्याबाईंना जात्यावरच्या पुष्कळ ओव्या येत. त्या ती लिहून घेऊं लागली. अडखळत्या जिभेनें आत्याबाई सांगत, चुकलें कीं रागावत, आणि पुन्हां सांगत. त्या वह्या तीन झाल्या. त्या दोघींत पुढें जें आलें त्याला जिव्हाळ्याखेरीज दुसरें नांव आम्हांस सुचत नाहीं. 'चॅरिटी' हा शब्द कां उतरला, हें आम्हांला तेव्हां कळलें. जो केवळ देतो आणि घेण्यासारखें समोरच्यापाशीं कांहीं आहे असें मानीत नाहीं, त्याचें देणें घेणाऱ्याला बोचतें.

आणि या प्रसंगांत आम्ही कोठें होतों? आत्याबाई आमच्या रक्ताच्या. औषधांचे पैसे आम्हीं दिले, डॉक्टरांना निरोप आम्हीं धाडले आणि कर्तव्य झालें असें मानून पुस्तकांत डोकें घातलें. प्रेमाची आज्ञा आम्हीं स्वतः पाळली नाहीं. ती न बोलतां पत्नीवर बजावली. आज्ञारूप प्रेमाचा मोठा धोका हाच आहे. बलवान माणसें तें दुर्बळांकडून वसूल करतात. सासर सुनेकडून, पति पत्नीकडून, मालक नोकराकडून. परंतु ही आज्ञा ज्याच्या कानीं पडते त्याच्यासाठींच असते. दुसऱ्याच्या हातीं सोंपविण्याची ती हुंडी नव्हे. चर्चमधील तो प्रश्न वराला निराळा आणि वधूला निराळा विचारला गेला, याचें महत्त्व आम्हांला आतां कळतें.

स्वीडिश पंडित निग्रेन यांनीं १९३० पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत 'एरॉस' आणि 'अगापे' यांचा संबंध पार तोडून टाकला. एक मागणारें, दुसरें देणारें. उलट पोप सोळावे बेनेडिक्ट यांनीं २००५ सालच्या आपल्या पत्रांत म्हटलें आहे कीं, दोहोंना पूर्णपणें वेगळें करतां येत नाहीं. माणूस सदा देतच राहूं शकत नाहीं, त्याला घ्यावेंही लागतें. त्या तीन वह्या पाहिल्यावर आम्ही या दुसऱ्या मताकडे झुकतों. ओढ आधीं आणि वचन मागाहून, असें पुष्कळदां होतें. वचन आधीं आणि ओढ मागाहून, असेंही होतें. क्रम कोणताही असो, ओढीला आपलें घर स्वतः बांधतां येत नाहीं.

आमच्या स्नेह्यांना आम्ही आतां एवढेंच सांगूं : पुढच्या आषाढांत भूक लागेल, असें वचन देतां येत नाहीं, हें खरें. परंतु भूक असो वा नसो, घरांतल्या आजारी माणसाच्या ताटाशीं वेळेवर येऊन बसेन, असें वचन देतां येतें. त्या दोन मुलांनीं त्या दिवशीं दिलें तें हेंच. आम्हीं तें आमच्या घरीं फार उशीरां ओळखलें. आत्याबाई तेव्हां राहिल्या नव्हत्या.